त्यांनी ३ बदाम म्हटलं. आता पास, डबल की ३ इस्पिक?

ब्रिज शिकताना पहिले काही आठवडे बोली अशी शिकवतात, जणू समोरच्या दोघांना तोंडच नाही. भिडू १ इस्पिक म्हणतो, आपण २ म्हणतो, तो ४ म्हणतो, विषय संपला. खऱ्या टेबलावर समोरचे गप्प बसत नाहीत. भिडूचं १ इस्पिक, त्यांचं २ बदाम, आपलं २ इस्पिक, त्यांचं ३ बदाम, भिडू पास, पलीकडचा पास, आणि पाळी फिरून पुन्हा आपल्यावर. आता काय? पास करून त्यांना खेळू द्यायचं, डबल द्यायचं (म्हणजे "तुमचं होणार नाही" म्हणत गुण आणि दंड दोन्ही वाढवायचे) की आपण ३ इस्पिक म्हणायचं? पत्ते खेळण्यात चांगली असलेली मंडळीसुद्धा गुण घालवतात ते बहुतेक या वळणावर. पानं खेळताना गेलेला एखादा हात त्या मानाने स्वस्त पडतो.

आधी थोडी उजळणी. ३ इस्पिक म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक तीन, नऊ हात करण्याचा वायदा. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, असे सगळ्या कॅटमध्ये ४० पॉइंट. दोघा भिडूंचे मिळून पंचवीस-सव्वीस झाले की साधारणपणे गेम, म्हणजे मोठा बोनस देणारा वायदा, होतो. इतपत सगळ्यांना पाठ असतं, आणि अडचणही इथेच आहे. आपल्याकडे सव्वीस असतील तर त्यांच्याकडे चौदाच. मग डाव उघडच आपला आहे आणि त्यांची बोली ही नुसती अडवणूक. पण बोलीची खरी चुरस होते ती वीस-वीस, एकवीस-एकोणीस अशा डावांत. तिथे पॉइंट काही सांगत नाहीत. तिथे हुकूम मोजायचे.

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी दुपारी दोन टेबलं लागतात. मेंढीकोट आणि बदाम सात खेळत मोठी झालेली ज्येष्ठ मंडळी, आणि मोबाईलवर ब्रिज शिकलेली दोन-तीन तरुण मुलं. एकदा सत्तरीच्या एका काकूंनी भिडूच्या १ इस्पिकवर आणि समोरच्याच्या २ बदामवर थेट ३ इस्पिक म्हटलं. डाव संपल्यावर त्यांचा तरुण भिडू चक्रावलेला.

"काकू, सहा पॉइंटांवर तुम्ही तीनवर कशा गेलात?"

"अरे, पॉइंट सहा माझे. इस्पिकं नऊ आपल्या दोघांची."

"आणि त्यांनी डबल दिलं असतं तर?"

"देऊ दे की. आधी कुणाकडे काय आहे ते त्यांना कळायला तर हवं!"

काकूंच्या उत्तरात अर्धं शास्त्र आलं. फ्रान्सचे ब्रिज-अभ्यासक जाँ-रने व्हर्न यांनी १९६० च्या दशकात एक गोष्ट मांडली. आपल्या सर्वांत लांब रंगात दोघांची मिळून किती पानं आहेत ती मोजा, त्यांच्या सर्वांत लांब रंगातली मोजा, आणि बेरीज करा. आपण आपल्या रंगात खेळलो तर होणारे हात आणि ते त्यांच्या रंगात खेळले तर होणारे हात, यांची बेरीजही साधारण तेवढीच येते. आपली इस्पिकं नऊ, त्यांचे बदाम आठ, तर दोन्ही बाजूंचे मिळून सतरा हात.

पहिल्यांदा ऐकलं की हे जादूटोण्यासारखं वाटतं. त्यामागचं कारण एका राजात दिसतं. समजा, आपल्याकडे इस्पिकची एक्का-राणी आहे आणि राजा समोरच्यांपैकी कुणाकडे तरी आहे. तो आपल्या उजवीकडे असेल, म्हणजे आपल्या आधी खेळणाऱ्याकडे, तर आपली राणी चालते आणि आपला एक हात वाढतो. पण त्याच वेळी ते बदाम हुकूम करून खेळत असते, तर त्यांचा तोच राजा आपल्या एक्का-राणीच्या तोंडात सापडून मेला असता. त्यांचा एक हात कमी. आता राजा डावीकडे ठेवून बघा. आपली राणी पडते, त्यांचा राजा जगतो. हात इकडचा तिकडे जातो, बेरीज हलत नाही. म्हणून पानं कुठे बसली आहेत हे ठाऊक नसतानाही बेरजेवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

आता वरच्याच प्रश्नाला हे लावून बघू. दोन्ही बाजू नॉन-व्हल्नरेबल, म्हणजे पडल्यावर कमी दंड बसणाऱ्या, धरू. आपली इस्पिकं नऊ, त्यांचे बदाम आठ, एकूण सतरा. त्यांचे ३ बदाम होणार असतील, म्हणजे नऊ हात, तर आपले आठ. पास केलं तर त्यांना १४० मिळतात. ३ इस्पिक म्हणून एक डाऊन गेलो, म्हणजे वायद्याला एक हात कमी पडला, तर फक्त ५० जातात. डबल पडलं तरी १००. उलट त्यांचे आठच हात असतील तर आपले नऊ. पास केल्यावर आपल्याला ५० मिळतात, ३ इस्पिक खेळलो तर १४०. म्हणजे डाव कसाही असो, बोललेलं बरं.

आता आपली इस्पिकं आठच धरा आणि त्यांचे बदामही आठ. एकूण सोळा. त्यांचे नऊ झाले तर आपले सात, म्हणजे ३ इस्पिकवर दोन डाऊन. डबलशिवाय १०० गेले तर निभावलं, पण डबल पडलं की ३००. पास केलं असतं तर १४० वर सुटलो असतो. दोघांचे आठ-आठ झाले तर आणखी वाईट: ते पडणारच होते, ५० आपल्याला मिळणारच होते, आपण बोलून ५० दिले. एका पानाच्या फरकाने उत्तर फिरलं. म्हणूनच टेबलावर तोंडी असलेला हिशोब: आठ हुकूम असतील तर दोनच्या पायरीपर्यंत, नऊ असतील तर तीनपर्यंत, दहा असतील तर चारपर्यंत.

त्यांचे हुकूम किती ते कसं कळणार, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. आपली इस्पिकं नऊ असतील तर त्यांच्या सव्वीस पानांत इस्पिकं चारच. उरली बावीस पानं तीन रंगांत. कशीही वाटली तरी एखाद्या रंगात आठ येणारच. म्हणजे आपल्याकडे नऊ असतील तर त्यांनाही जागा आहे हे गृहीत धरायचं. आपली आठ असतील तर त्यांची उरतात एकवीस, आणि ती सात-सात-सात अशीही असू शकतात.

काकूंच्या त्या डावाकडे परत येऊ, कारण त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्यांची पानं अशी होती: इस्पिक राजा, गुलाम, ८, ४, बदाम एकच, ७, चौकट राणी, ९, ५, ३, २, किलवर ८, ६, ४. भिडूने १ इस्पिक म्हटलं म्हणजे त्याची पाच, यांची चार, झाली नऊ. नऊ म्हणजे तीनची पायरी. मग आधी २ म्हणून, त्यांनी ३ बदाम म्हटल्यावर ३ इस्पिक म्हणणं आणि पहिल्याच फटक्यात ३ म्हणणं यात फरक काय? शेवटी पोचायचं तर तिथेच. फरक असा, की हळूहळू गेलात तर वाटेत समोरच्या दोघांना एकमेकांशी बोलायला एक फेरी मिळते. एकदम ३ म्हटलं की चौथ्या खेळाडूला, त्याच्याकडे दहा पॉइंट असोत की चार, चारच्या पायरीवर आंधळेपणाने ठरवावं लागतं.

माझ्या मते बोलीच्या झुंजीत यापेक्षा मोलाची सवय नाही: आपल्या पानांची जी काही किंमत असेल ती एकदाच, पूर्ण आणि लवकर सांगायची, आणि मग भिडूवर सोडायचं. आधी घाबरत २, नंतर "नाही, माझ्याकडे थोडं जास्त होतं" म्हणत ३, हा प्रकार दोन्हीकडून मार खातो. आणि ३ बदामच्या आधीच पूर्ण सांगून झालं असेल तर त्या ३ बदामनंतर तुमच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नसतं. पास करा. नवीन पान हातात आलेलं नसताना मन का बदलायचं?

तेवढेच सहा पॉइंट, पण वेगळी पानं बघा: इस्पिक ९, ८, ४; बदाम राणी, गुलाम, ७; चौकट राजा, ९, ५, ३; किलवर ८, ६, ४. इथे २ इस्पिक म्हणायचं आणि त्यांच्या ३ बदामवर शांतपणे पास. एक तर इस्पिकं आठच. शिवाय तुमचे तीन पॉइंट बदामात, त्यांच्या रंगात अडकलेत. आपण इस्पिक खेळलो तर ती राणी आणि तो गुलाम एक्का-राजाखाली चिरडले जातील. ते बदाम खेळले तर त्याच राणीचा एखादा हात होईल. त्यांच्या रंगातली राणी-गुलाम ही बचावाची पानं. आपल्या हुकमातली राणी-गुलाम ही बोलीची पानं. एक्के दोन्हीकडे चालतात. त्यांच्या रंगात एक पान किंवा शून्य असेल तर बोलीकडे झुका, तीन-चार असतील तर बचावाकडे. सर्वांत फसवी अवस्था म्हणजे त्यांच्या रंगात आपली दोन बारकी पानं आणि भिडूचीही दोन: तिथे सुरुवातीलाच दोन हात जातात आणि कुणालाच काही कापता येत नाही.

डबलकडे वळण्याआधी गुणांचा ताळेबंद समजून घ्यावा लागेल, कारण डबलचं सगळं गणित त्यात आहे. आज खेळतो ती पद्धत १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी एका जहाजप्रवासात बसवली, आणि व्हल्नरेबल असण्याची कल्पनाही त्यातच आली. व्हल्नरेबल बाजूला गेमचे जास्त मिळतात, पण डाऊन गेल्यावर मारही जास्त बसतो. डबल नसेल तर दर हाताला ५०, व्हल्नरेबल असेल तर १००. डबलमध्ये नॉन-व्हल्नरेबल बाजूचे १००, ३००, ५००, ८०० असे जातात. व्हल्नरेबल बाजूचे २००, ५००, ८००, ११००.

आता टीम मॅच घ्या. तिथे तीच पानं दोन टेबलांवर खेळतात आणि दोन निकालांतला फरक इम्प नावाच्या गुणांत मोजतात. दुसऱ्या टेबलावर समोरच्यांसारख्याच जोडीने २ इस्पिक डबलशिवाय खेळले असं धरू. आपण डबल दिलं आणि ते एक डाऊन गेले, तर ५० च्या जागी १०० मिळाले. फरक ५०, म्हणजे २ इम्प. पण त्यांचे २ इस्पिक झाले तर? ६० चे डबलमुळे १२० होतात, १०० गाठले की तो गेम, वर ३०० बोनस आणि डबल दिल्याचे ५०: एकूण ४७०. दुसऱ्या टेबलावर ११०. फरक ३६०, म्हणजे ८ इम्प. दोन मिळवायला आठ पणाला! पाचातले चार वेळा ते पडणार असतील तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. चौकट-किलवरमध्ये दोनच्या पायरीवर एवढा धोका नाही, तिथे ४० चे ८० च होतात.

गंमत म्हणजे लोक नेमके इथे बिनधास्त डबल देतात आणि ५ बदामवर घाबरतात. ५ बदाम तर आधीच गेम आहे. तो झाला तर ४५० चे ६५० होतील, फरक २००, ५ इम्प. डबलचा खरा दणका तेव्हा बसतो जेव्हा आपण समोरच्यांच्या छोट्या कॉन्ट्रॅक्टला गेम बनवून देतो.

हाच हिशोब पेअर्स प्रकारात वेगळा होतो. तिथे किती गुणांनी जिंकलात याला अर्थ नसतो, तीच पानं घेऊन बसलेल्या किती जोड्यांना मागे टाकलंत ते मोजतात. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं ते पुरुषांच्या पेअर्समध्ये. हांगझोऊमध्ये २०२३ साली पुरुषांना रौप्य मिळालं ते टीममध्ये. खेळ एकच, पण बोलीचा विचार दोन तऱ्हांचा. पेअर्समध्ये व्हल्नरेबल समोरचे ३ बदामवर एक डाऊन जाताहेत असं वाटत असेल आणि आपले २ इस्पिक होणारे असतील, तर डबल द्यायला हवंच: आपले ११० बुडाले, डबलशिवाय मिळणार १००, डबलने २००. या २०० ने आपल्या बाजूचे सगळे छोटे गुण मागे पडतात. उलट आपण व्हल्नरेबल असताना २०० देऊन बसलो तर तळाला जाण्याची तयारी ठेवा.

हे झालं शिक्षा म्हणून दिलेलं डबल. खालच्या पायऱ्यांवर डबलचा अर्थच निराळा असतो. समोरचा १ बदाम म्हणाला आणि तुम्ही डबल दिलं, तर त्याचा अर्थ "माझ्याकडे बदाम कमी आहेत, बाकीचे तिन्ही रंग आहेत, भिडू, तू निवड". ते दोघं २ बदामवर येऊन थांबले, भिडूही पास, आणि शेवटची पाळी तुमची असेल तर आठच पॉइंटांवरही असं डबल द्यावं. त्यांच्याकडे भरपूर असतं तर ते दोनवर थांबले नसते. चाळीसातले वीस-बावीस त्यांचे धरले तर उरलेले अठरा-वीस आपल्या दोघांचे. तुमच्याकडे आठच आहेत, म्हणजे भिडू दहा-बारा घेऊन बसलाय आणि त्याला बोलायला जागा मिळाली नाही. आठ हुकूम सापडलेल्या जोडीला दोनवर आरामात खेळू देणं ही फुकटची देणगी.

आणि हुकमाच्या लांब पानांवर डबल देताना एक बघा: तुमचे हुकूम खेळणाऱ्याच्या मागे आहेत की पुढे. राजा-गुलाम-१० त्याच्यानंतर खेळत असतील तर सोनं. त्याच्या आधी खेळत असतील तर तुमच्या डबलने त्याला नकाशा काढून दिला, एवढंच.

वरच्या पायऱ्यांवर मुद्दाम पडण्यासाठी बोलणं, म्हणजे सॅक्रिफाइस, येतं. त्यांचे ४ इस्पिक व्हल्नरेबल होणार असतील तर ६२० जाणार. आपण नॉन-व्हल्नरेबल असू तर ५ चौकट डबलमध्ये तीन डाऊन गेलो तरी ५००. दिसायला फायदा. पण हा फायदा १२०, फक्त ३ इम्प, आणि त्यांचे ४ इस्पिक मुळात पडणारच असतील तर मिळणारे १०० सोडून ५०० द्यायचे: ६०० चा फरक, १२ इम्प. दोन डाऊनचा अंदाज असेल तर सॅक्रिफाइस, तीनचा असेल तर मी तरी पास करते. आपण व्हल्नरेबल आणि ते नसतील तर विचारच नको. दोन डाऊनला ५००, त्यांचा गेम ४२० चा.

मग येते ती सगळ्यांत छळवादी जागा. ते ४ बदाम, आपण ४ इस्पिक, ते ५ बदाम. हाताशी आलेला गेम गेला म्हणून जीव तळमळतो आणि तोंडून ५ इस्पिक निघतं. थांबा. दोघांचे हुकूम दहा-दहा, एकूण वीस हात, दोन्हीकडे दहा-दहा धरले तर त्यांचे ५ बदाम पडतात आणि आपले ५ इस्पिकही पडतात. जो शेवटी बोलला तो हरला. अकरा हुकूम नाहीत, त्यांच्या रंगात शून्य पानं नाहीत, दुसरा एखादा रंगही जुळलेला नाही, तर पाचची पायरी त्यांना द्यायची. आपण त्यांना चारवरून पाचवर ढकललं, तेवढं काम झालं.

इथे डबल द्यायचं की नुसता पास, हे डाव कोणाचा यावर. बोलीतून आपल्या बाजूची ताकद आधीच स्पष्ट झाली असेल, म्हणजे आपण स्वतःच्या जोरावर गेमला गेलो आणि ते मागून ५ किलवर म्हणत असतील, तर त्यांना डबलशिवाय खेळू देणं शक्यच नाही. मग त्या वेळचा पास रिकामा नसतो. पास म्हणजे "मला पुढे जाण्यात रस आहे, पण भिडू, डबल की ५ इस्पिक ते तू ठरव". आणि डबल म्हणजे "पुढे नको". तरबेज जोड्या हा पास फार सफाईने वापरतात. न ठरवता वापरलात तर मात्र भिडूही पास करून मोकळा होतो, आणि ५ किलवर तीन डाऊन जाऊनही दीडशेच पदरात पडतात.

पास मुकाट्याने करावा, हेही सांगायला हवं. आमच्याकडे "हंऽऽ... बरं, पास" असा सुस्कारा टाकून पास करणारे आहेत, त्यांचा भिडू लगेच ओळखतो की इथे काहीतरी आहे, आणि जोमाने ३ इस्पिक म्हणतो. घरच्या टेबलावर त्यावर हसू येतं, स्पर्धेत नाही. सुस्काऱ्यातून मिळालेल्या माहितीवर बोली करायला नियमांत मनाई आहे आणि पंच तो निकाल बदलू शकतात. विचार करायचा तर भिडू सावध होण्याआधी, पहिल्याच पाळीला पुढचा अंदाज घेऊन करा. बोलीच्या कार्डांची पेटी वापरली तर आवाजाचा प्रश्न तरी सुटतो.

नवीन भिडूबरोबर बसायचं तर पाच मिनिटांत तीन गोष्टी ठरवून घ्या: कुठल्या पायरीपर्यंतचं डबल "तू निवड" सांगतं आणि कुठून पुढे शिक्षा, भिडूच्या रंगात चार पानं आणि कमी पॉइंट असतील तर थेट तीन म्हणायचं का, आणि आपला गेम झाल्यावरचा पास कधी प्रश्न ठरतो. बाकी सगळं खेळता खेळता जुळतं.

सरावासाठी एक सोपा उद्योग आहे. डाव संपला की चारही पानांचे गठ्ठे टेबलावर उघडे करा, किंवा मोबाईलवर खेळत असाल तर चौघांचेही पत्ते दाखवणारी स्क्रीन उघडा. दोन्ही बाजूंचे हुकूम मोजा, मग दोन्ही बाजूंचे किती हात झाले असते ते मोजा. बेरीज जुळली तर ठीक. एकाने कमी भरली तर बघा, राणी-गुलाम समोरच्यांच्या रंगात वाया गेलेत का. एकाने जास्त भरली तर बहुतेक दोन्ही भिडूंचे दोन रंग जुळलेले सापडतील, आणि तशा डावात पुढच्या वेळी एक पायरी जास्त चढायला हरकत नाही.